टाचा तोडलेले बूट

प्रिय मित्रा,

परवा रात्री एक पिक्चर बघितला आणि तेव्हापासून तुला कधी एकदा सांगतेय असं झालंय. फोनवर सांगितलं असतं तर तू मधेच 'बघतो गं नंतर' म्हणून विषय बदलला असतास, म्हणून पत्रच लिहायला घेतलं, आता शेवटपर्यंत वाच.

पिक्चरचं नाव रोमान्सिंग द स्टोन, 1984 चा. नाव वाचून मला वाटलं जंगल, खजिन्याचा नकाशा, पाठलाग, एक रांगडा हिरो आणि त्याच्यामागे किंचाळत पळणारी बाई, बास. त्या दिवशी डोकं इतकं थकलं होतं की मला तेवढंच हवं होतं, काही विचार न करता दोन तास कुठेतरी लांब जाऊन यायचं. लांब तर गेलेच, पण येताना खूप काही घेऊन आले.

जोन वाइल्डर ही न्यूयॉर्कमध्ये एकटी राहणारी लेखिका, साहसी प्रेमकथा लिहिते. पहिल्यांदा दिसते तेव्हा ती कादंबरीचं शेवटचं पान टाइप करतेय आणि स्वतःच लिहिलेल्या शेवटावर ढसाढसा रडतेय, नाक पुसायला घरात टिश्यू नाही, मग मांजराला मस्त खायला देऊन त्याच्यासोबत कादंबरी पूर्ण झाल्याचं सेलिब्रेशन. आता हा सीन बघून हसू येतंच, पण दिग्दर्शक रॉबर्ट झेमेकिस तिची टर उडवत नाही रे. ती मनापासून रडतेय आणि कॅमेरा तिच्या बाजूने उभा आहे, जोन झालेली कॅथलीन टर्नर ते इतकं खरं करते की मी तिथेच सावरून बसले.

मग अपहरण झालेल्या बहिणीला सोडवायला तिला खजिन्याचा नकाशा घेऊन कोलंबियातल्या कार्ताहेनाला जावं लागतं, तिथे चुकीच्या बसमध्ये बसते, ती बस रस्त्यात उभ्या असलेल्या जीपला धडकते आणि जीपचा मालक जॅक, म्हणजे मायकेल डग्लस, याचे विकायला पकडलेले पक्षी सगळे उडून जातात. फोनपर्यंत पोचवायचे तो पैसे मागतो, घासाघीस होऊन 375 डॉलरच्या ट्रॅव्हलर्स चेकवर सौदा ठरतो. (डग्लस या पिक्चरचा निर्माताही आहे, तरी मोठा वाटा टर्नरला देऊन टाकलाय, हे मला फार आवडलं.) जंगलात तिला उंच टाचांच्या बुटांनी चालवत नाही म्हणून तो बूट घेतो, कोयत्याने टाचा उडवतो आणि परत हातात देतो. ती म्हणते इटालियन होते, तो म्हणतो आता कामाचे झाले. एवढासा सीन, पण पुढची सगळी जोन तिथून चालायला लागते.

आणि मग तो कुजका पूल. मागून गोळ्या, पायाखाली फळ्या तुटतायत, आणि जोन वेल पकडून थेट दरीपलीकडे जाते. ठरवून नाही, हातात वेल आली म्हणून. त्यानंतर जॅकचा चेहरा बघ, तो आ वासून तिच्याकडे बघत राहतो. मी तीनदा मागे नेऊन बघितलं.

सगळ्यात जास्त हसले ते खेड्यात. गाडी मागायला एका दारावर जातात, समोर बंदुका, आता मेलोच असं वाटत असताना आत बसलेल्या माणसाला जोनचं नाव कळतं आणि त्याचा चेहराच बदलतो. तो तिचा पक्का वाचक निघतो, सगळी पुस्तकं वाचलेली! लगेच घरात या, बसा, मग स्वतःच्या गाडीतून नदीवरून उडी मारून यांना सोडवतो. न्यूयॉर्कच्या खोलीत एकटीने रडत लिहिलेलं पुस्तक इतक्या लांब तिचा जीव वाचवतं. हसता हसता घशाशी आलं माझ्या.

सगळंच भारी आहे असं नाही हां. मुख्य खलनायक नुसता क्रूर, बाकी त्याला काही नाहीच, आणि कोलंबियाची माणसं बहुतेक बंदूकवालीच दाखवलीत, ते खटकलं. शूटिंग तर मेक्सिकोत झालंय. अपहरण करणाऱ्यांपैकी एक झालेल्या डॅनी डेव्हिटोची धावपळ मात्र धमाल.

नंतर वाचत बसले तेव्हा कळलं की पटकथा लिहिणारी डायान थॉमस ही लिहीत असताना वेट्रेसचं काम करायची. स्टुडिओलाही या पिक्चरकडून फार आशा नव्हती, झेमेकिसचे आधीचे दोन पिक्चर चालले नव्हते. आणि हा निघाला सुपरहिट, कॉमेडी-म्युझिकल गटात गोल्डन ग्लोब मिळालं, टर्नरलाही मिळालं, पुढच्या वर्षी झेमेकिसने बॅक टू द फ्युचर केला. डायान मात्र 1985 मध्ये कार अपघातात गेली. हे वाचलं आणि टाइपरायटरपुढे रडणारी जोन परत डोळ्यासमोर आली, तो सीन कोणी ऐकून लिहिलेला नाही, असं मला अगदी आतून वाटलं.

क्लायमॅक्स सगळा सांगत नाही, एवढंच सांगते की जॅक तिला वाचवायला भिंत चढत येतो आणि तो वर पोचेपर्यंत जोनने आपलं काम आपणच उरकलेलं असतं. मी टाळ्या वाजवल्या, एकटीच होते तरी.

या रविवारी बघच. आणि पुलाचा सीन झाला की पॉज करून आधी मला फोन कर, पुढचं नंतर बघ.

तुझीच मैत्रीण