मुलांच्या मातीच्या वाद्यांना साचा नको

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यात माठ, रांजण, पणत्या आणि भुलाबाई घडवतो. गेल्या हिवाळ्यात गावच्या शाळेतली सातवीची मुलं दहा दिवस माझ्या अंगणात शिकायला होती. बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं, की पणत्या वगैरे करायच्या नाहीत, ज्याने-त्याने आपल्याला आवडणारा आवाज निघेल असं एक वाद्य मातीतून करायचं. ती वाद्यं पुढे एका प्रदर्शनात गेली. तिथे जे झालं ते मनातून जात नाही, म्हणून हे पत्र.

परीक्षकांनी एकेक शिट्टी फुंकून पाहिली, मोबाइलवर पेटीचे सूर लावले आणि मुलांना विचारलं, "यातला सा कोणता?" मुलं गप्प. शेजारच्या टेबलावर बाजारातून आणलेली एकसारखी मडकी सोनेरी रंग देऊन मांडली होती, पहिला क्रमांक त्यांना गेला. बक्षीस कुणाला मिळालं याबद्दल माझी तक्रार नाही. पण परतताना एका मुलीने आपली शिट्टी गाडीच्या खिडकीतून फेकायला काढली. मी ती तिच्या हातातून घेतली. अजून माझ्या कोनाड्यात आहे.

त्या शिट्टीची गोष्ट सांगतो. या मुलीचं घर वावरातच आहे. हरभऱ्याला पाणी द्यायचं तर लाइन येते रात्री, म्हणून तिचे वडील रात्रीच मोटर सुरू करायला जातात. कुणी बांधावरून चाललं की टिटवी ओरडते. ती ओरडली की घरातल्यांना कळतं, बाबा धुऱ्यावर पोचले. तिला तोच आवाज हवा होता. चार दिवस ती दोन वाट्या जोडायची, कुल्फीच्या काडीने फुंकेची वाट कोरायची, फुंकायची आणि मोडायची. नुसती हवा जायची, सूर लागायचा नाही. फुंकेची वाट आणि पोटाच्या भोकाची धार यांत केसाएवढा फरक पडला तरी शिट्टी मुकी होते. पाचव्या दिवशी ती वाजली. मी चाळीस वर्षं चाक फिरवतो, पण त्या वेळी अंगावर काटा आला.

मुलांना आणखी एक गोष्ट हातानेच कळली. बासरीत भोक कुठे पाडलं याला महत्त्व असतं. या गोल शिट्टीत भोक केवढं पाडलं याला महत्त्व आहे. पोट मोठं तर आवाज खाली, उघडी भोकं जास्त तर आवाज वर. विज्ञानाच्या सरांनी मग अशा पोकळ भांड्यांतल्या आवाजाचा अभ्यास करणाऱ्या हेल्महोल्ट्झ या शास्त्रज्ञाचं नाव सांगितलं, आणि इटलीतल्या बुद्रिओ गावात जुझेप्पे दोनातीने १८५३ साली अशाच मातीच्या शिट्टीतून पूर्ण सरगम वाजणारं ओकारिना हे वाद्य घडवलं, तेही सांगितलं. सिंधू संस्कृतीतल्या मुलांकडेही पाखरांच्या आकाराच्या मातीच्या शिट्ट्या होत्या, हे ऐकून पोरं फार खूश झाली. आपण काहीतरी खूप जुनं काम करतो आहोत, असं त्यांना वाटलं असावं.

एका मुलाने खुळखुळा केला. आत तुरीचे दाणे घालून चालत नाही, आव्यात, म्हणजे भांडी भाजायच्या भट्टीत, ते जळून जातात. मातीच्या लहान गोळ्या कागदात गुंडाळून आत ठेवायच्या, तोंड बंद करायचं आणि वाफ निघायला एक बारीक छिद्र सोडायचं. कागद जळतो, गोळ्या मोकळ्या होतात. छिद्र विसरलं तर आव्यात भांडं फुटतं आणि शेजारची चार घेऊन जातं. बाकीच्यांनी गोळ्यांना माझी तलावाच्या गाळाची माती घेतली. याने आपल्या वावरातली काळी माती आणली. मी सांगितलं, काळी माती फार आटते, तडकते, ती कुंभारकामाची नाही. तो म्हणाला, "गोळ्यायलेच घेतो न जी." त्याचा खुळखुळा इतरांसारखा खणखणीत वाजला नाही. पाऊस संपल्यावर ढेकळांवरून बैलगाडी जावी तसा दबका वाजला. त्याला तो पसंत होता. प्रदर्शनात त्यावर चिठ्ठी चिकटवली गेली: 'आवाज अस्पष्ट'.

आता सुराबद्दल. ओली माती वाळून, भाजून निघेपर्यंत साधारण दहाव्या हिश्श्याने आटते. शिट्टीचं पोट लहान होतं आणि सूर चढतो. किती चढेल हे माती, वारा आणि आव्यातली जागा ठरवते. दक्षिणेतला घट, म्हणजे ताल धरायला वाजवतात ते मडकं, घ्या. तमिळनाडूतल्या मानामदुराईचे कुंभार पिढ्यान्‌पिढ्या घट घडवतात, तरी एकदा भाजलेल्या घटाची पट्टी फारशी हलवता येत नाही, म्हणून वादक वेगवेगळ्या पट्ट्यांचे घट जवळ बाळगतात. जे तिथल्या उस्तादांच्याही पुरतं हातात नाही, ते बारा वर्षांच्या पोरांनी दहा दिवसांत करून दाखवावं, ही अपेक्षा कुठल्या हिशेबाने? नायजेरियातल्या इग्बो बायका वाजवतात तो उडू नावाचा घडा बाईंनी मोबाइलवर दाखवला होता. कुशीला एक जादा भोक असलेला साधा घडा, हाताने झाकला-उघडला की पाण्यात काही बुडावं तसा घुमतो. त्यालाही कुणी 'सा कोणता' विचारत नाही.

याच वर्ध्यात २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि नई तालीम पुढे आली. हाताच्या कामातून शिकणं म्हणजे काय, हे आमच्या जिल्ह्याला बाहेरून येऊन कुणी शिकवायला नको. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना सांगितले आहेत, आणि मुलांनी सुतार, माळी, कुंभार, कलाकार यांच्याकडे जाऊन शिकावं, असं लिहिलं आहे. बाईंनी तो कागद वाचून दाखवला तेव्हा आमच्या नावाचा उल्लेख बघून बरं वाटलं. पण ते दहा दिवस प्रदर्शनात टेबल सजवण्यासाठी वापरले तर मुलं आमच्याकडे पाठवून उपयोग नाही.

माझी विनंती शिक्षण विभागाला आणि परीक्षकांना आहे. वाद्य हातात घेतल्यावर आधी मुलाला विचारा, हा आवाज कशाचा, कुठून सुचला. त्यासाठी त्याने काय केलं, किती वेळा मोडलं, ते ऐका. विकत आणून रंगवलेली मडकी आणि मुलांनी घडवलेलं काम एका रांगेत मांडू नका. आणि हे दहा दिवस पावसाळ्यात ठेवू नका. दमट हवेत माती आतून वाळत नाही, वरून वाळल्यासारखी दिसते आणि आव्यात फुटते. मुलाचं काम त्याच्या डोळ्यांदेखत फुटलं की ते पुन्हा मातीला हात लावत नाही, हे मी पाहिलं आहे. दिवाळी ते होळी हा काळ बरा.

यंदा बाई पुन्हा मुलं घेऊन येणार आहेत. गोवऱ्या आणि पऱ्हाट्या जमवायला घेतल्या आहेत. आव्याच्या मधोमध आच सारखी लागते, ती जागा मी माझ्या माठांना न देता मुलांच्या वाद्यांसाठी ठेवणार आहे. ती मुलगी आता आठवीत गेली. तिला निरोप पाठवला आहे, की शिट्टी माझ्याकडे आहे, येऊन घेऊन जा.

आपला नम्र,
एक कुंभार
जिल्हा वर्धा