ऑफलाइन नकाशा रेंजअभावी बंद पडल्याबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

आज तुमच्या ग्राहक सेवा केंद्राशी झालेल्या बोलण्यानंतर ही तक्रार लेखी देत आहे. तुमच्या अ‍ॅपची वार्षिक वर्गणी मी एकाच कारणासाठी भरली होती. मोबाइलला रेंज नसली तरी आधी डाउनलोड केलेला नकाशा चालेल, असे वर्गणीच्या पानावर तुम्हीच लिहिले आहे.

गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात शाळेच्या मुलांना घेऊन गेलो असताना, पितळखोऱ्याच्या पुढच्या वाटेवर रेंज गेली आणि वर्गणीची खात्री करण्यासाठी इंटरनेट सुरू करा, असा संदेश दाखवून अ‍ॅपने नकाशाच बंद केला. आम्ही कुठे उभे आहोत तो निळा ठिपका तेवढा दिसत होता, कारण फोन स्वतःचे ठिकाण उपग्रहांच्या संकेतांवरून ओळखतो आणि त्याला इंटरनेट लागत नाही. पण ठिपक्याखालच्या वाटा, ओढे आणि समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या समोच्च रेषा सगळ्या गेल्या होत्या. तिथे पठार खानदेशच्या बाजूला एकदम तुटते आणि पावसाळी धुक्यात कडा जवळ येईपर्यंत दिसत नाही. नकाशावर समोच्च रेषा दाट झाल्या की चढ-उतार तीव्र आहे असे समजायचे, हे मी मुलांना वर्गात शिकवले होते, आणि ते ज्ञान जिथे खरोखर लागणार होते तिथेच तुमचा पडदा कोरा होता. गुरे चारणाऱ्या एका गृहस्थांनी आम्हाला गाडीरस्त्यापर्यंत आणून सोडले.

ही हकिगत मी तुमच्या प्रतिनिधीला पहिल्यापासून सांगितली. त्यांनी नकाशा बंद पडल्याचा स्क्रीनशॉट मागितला. मुलांना सांभाळताना तो काढणे सुचले नाही, असे मी म्हणालो, तेव्हा त्यांनी मला त्याच जागी पुन्हा जाऊन, इंटरनेट सुरू ठेवून, तिथून स्क्रीनशॉट पाठवण्यास सांगितले. त्या जागी इंटरनेट नसते आणि तीच माझी तक्रार आहे, हे मी पुन्हा समजावले. त्यावर ते म्हणाले, "सर, जंगलात जाण्याआधी रेंज आहे का ते बघायला हवं होतं." मुलांच्या जिवाची काळजी करणाऱ्या शिक्षकाला हे उत्तर मिळावे, याचा मला अतिशय संताप आला. रेंज नाही हे माहीत होते म्हणूनच मी पैसे भरले होते.

येडशीच्या रामलिंग घाटात आणि नायगावच्या मयूर अभयारण्यात सहली नेणाऱ्या शिक्षकांना मी स्वतः हे अ‍ॅप सुचवले होते. आता त्या सर्वांना, याच्या भरवशावर मुलांना जंगलात नेऊ नका, असे कळवावे लागत आहे, आणि त्याचे मला फार वाईट वाटते.

माझी पूर्ण वर्गणी परत करावी. डाउनलोड केलेला नकाशा उघडताना इंटरनेटची अट काढावी, आणि ती निघेपर्यंत वर्गणीच्या पानावर तसे स्पष्ट लिहावे. ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत देणे आणि एक महिन्यात निवारण करणे तुमच्यावर बंधनकारक आहे. तसे न झाल्यास मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहक राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते, त्यामुळे उत्तर देण्यासाठी तुम्हाला छत्रपती संभाजीनगरला यावे लागेल.

आपला,
एक वर्गणीदार शिक्षक, कन्नड