रॉकेटला हवेचा आधार लागत नाही

संपादक महोदय,

रविवारच्या विज्ञान पुरवणीतील रॉकेटविषयीचा लेख वाचला. ‘मागे सोडलेला वायू हवेला ढकलतो, म्हणून रॉकेट पुढे जाते’ हे त्यातील विधान चुकीचे आहे. शाळकरी मुले ही पुरवणी आवर्जून वाचतात, म्हणून हे पत्र.

रॉकेट ढकलते ते स्वतःच्याच पोटातील वायूला. वायूला मागच्या दिशेने जेवढा संवेग (वस्तुमान गुणिले वेग) मिळतो, तेवढाच रॉकेटला पुढच्या दिशेने मिळतो. चाकांच्या खुर्चीत बसून जड पिशवी जोरात समोर फेकली की खुर्ची मागे सरकते, ती पिशवीला दिलेल्या धक्क्यामुळे. पिशवी पुढे भिंतीवर आदळो वा न आदळो, खुर्चीला फरक पडत नाही.

चंद्रावर माणूस नेणाऱ्या सॅटर्न-५ चा पहिला टप्पा सेकंदाला सुमारे १३ टन वायू, सेकंदाला अडीच किलोमीटरहून अधिक वेगाने बाहेर फेकत असे. तीन कोटी न्यूटनहून मोठा रेटा मिळे तो यातूनच. हवा उलट अडथळाच करते. त्याच टप्प्यातील एफ-१ इंजिनाचा रेटा समुद्रसपाटीपेक्षा निर्वातात सुमारे १५ टक्क्यांनी जास्त भरतो.

हा गैरसमज जुना आहे. ‘न्यूयॉर्क टाइम्स’नेही १९२० मध्ये अमेरिकी रॉकेट-संशोधक रॉबर्ट गोडार्ड यांच्यावर याच समजुतीतून टीका केली होती. अपोलो-११ चंद्राच्या वाटेवर असताना, १७ जुलै १९६९ रोजी, त्या वृत्तपत्राने दुरुस्ती छापली. आपणही पुढच्याच अंकात खुलासा द्यावा आणि लेखासोबतची आकृती बदलावी, ही विनंती.

– एक विज्ञान शिक्षक