बेदाण्याच्या शेडवरच्या तात्यांना, रसायनशास्त्र शिकवणाऱ्यांकडून

आदरणीय तात्या,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

ऐन हंगामात, माल रॅकवर चढत असताना, तुम्ही मणेराजुरीची शेड आमच्या बारावीच्या पोरांना मोकळी करून दिलीत. डिपिंगच्या, म्हणजे सुकवण्याआधी घड बुडवायच्या, टाकीत हात घालू दिलात, बोअरचं पाणी आणि युरियाचं पिंप वापरू दिलंत. आम्हा शिक्षकांतर्फे मनापासून आभार. एखादी क्रिया आपोआप कोणत्या दिशेने जाते, हे शिकवताना कशाचा काय उपयोग झाला तेही सविस्तर लिहितो. इतर शेडवाल्यांना आणि आमच्यासारख्या शिकवणाऱ्यांना त्यातलं काही कामी येईल.

आधी बादली आणि पिंप. शंभर लिटर डिपिंगचं अडीच किलो पोटॅशियम कार्बोनेट तुम्ही आधी दहा लिटरच्या बादलीत विरघळवता, तेव्हा बादली हाताला चांगली कोमट लागते. शेजारी ड्रिपसाठी 50 लिटर पाण्यात 5 किलो युरिया टाकला, की पिंप पाच-सहा अंशांनी गार पडतं. एकातून उष्णता निघते, दुसरं ती ओढून घेतं, पण विरघळतात दोन्ही आपसूक. उष्णता बाहेर पडली तरच क्रिया आपोआप होते, हा पोरांचा पक्का समज तिथंच गळाला. युरियाच्या एका मोलला (सुमारे 60 ग्रॅमला) साधारण 15 किलोज्यूल लागतात. पण खड्यात जखडलेले रेणू पाण्यात मोकळे होतात, एन्ट्रॉपी, म्हणजे कणांना विखुरण्याची मोकळीक, वाढते, आणि त्या वाढीला केल्विनमधल्या तापमानाने गुणलं की आकडा 15 च्या वर जातो. एन्थॅल्पीतल्या बदलातून (म्हणजे क्रियेत आत-बाहेर होणाऱ्या उष्णतेतून) हा गुणाकार वजा केला की मुक्त ऊर्जेतला बदल मिळतो. तो ऋण आला की क्रिया त्या दिशेने जाणार. गिब्जने 1870 च्या दशकात मांडलेला हिशोब एवढाच आहे.

खरा कस लागला तो टाकीच्या तळाच्या पांढऱ्या साक्याला. बोअरच्या पाण्यातलं कॅल्शियम कार्बोनेटला धरून खाली बसतं. पोरांचा प्रश्न रास्त होता: मोकळे आयन (भार असलेले कण) एकत्र येऊन घट्ट खडा झाला, म्हणजे एन्ट्रॉपी घटली, मग हे आपोआप कसं? गंमत अशी, की या क्रियेत उष्णताही बाहेर पडत नाही, उलट मोलला सुमारे 13 किलोज्यूल आत जातात. म्हणजे एन्थॅल्पी विरोधात, आणि तरीही साका लगेच धरतो. कारण पाण्यात आहे. कॅल्शियम आणि कार्बोनेट या दोघांवरही दोन-दोन भार असतात, त्यामुळे दोघांनी भोवती पाण्याचे रेणू घट्ट बांधून ठेवलेले असतात. खडा झाला की ते सगळे सुटतात. एकूण एन्ट्रॉपी मोलला दर केल्विनमागे 200 ज्यूलच्या आसपास वाढते, आणि 25 अंशांना मुक्त ऊर्जा सुमारे 48 किलोज्यूलने उतरते. एन्ट्रॉपी म्हणजे पसारा, असं सांगून मोकळे होणाऱ्या आम्हा शिक्षकांना तुमच्या टाकीचा तळ पुरून उरला.

व्यवहारात बघायचं तर पाण्याचा कठीणपणा लिटरला 500 मिलिग्रॅम असेल, तर शंभर लिटरमागे जेमतेम 70 ग्रॅम कार्बोनेट वाया जातं. अडीच किलोत ते काहीच नाही. त्रास होतो तो साक्याचा. मण्यांवर तो पांढरे ठिपके सोडतो. म्हणून कार्बोनेट घातल्यावर पाणी निवळू द्यावं, वरचं पाणी दुसऱ्या टाकीत घ्यावं आणि मगच दीड लिटर डिपिंग ऑइल बारीक धारेने, ढवळत सोडावं. दुधासारखं पांढरं झालं तर ठीक. तवंग दिसला, तर तो घड बुडवण्याआधीच मोडायला हवा.

आता सुकवणी. पुस्तकातला आकडा सांगतो, की 25 अंशांना पाण्याची वाफ होताना मुक्त ऊर्जा 8.6 किलोज्यूलने वाढते. मग बेदाणा सुकतो कसा? तो आकडा एक बार (साधारण हवेच्या एकूण दाबाइतक्या) दाबाच्या वाफेचा आहे, आणि शेडमधल्या हवेत वाफ त्याच्या सुमारे साठाव्या हिश्शाइतकी असते. 35 अंश आणि 30 टक्के आर्द्रतेत ताज्या मण्यातल्या पाण्याचा मुक्त ऊर्जेचा हिशोब उणे 3 किलोज्यूलच्या जवळ येतो. साखर घट्ट होत जाते तशी ओढ कमी होते. 15 टक्के ओलाव्याच्या बेदाण्यात ती उणे दीडवर येते. शेवटचे दिवस रेंगाळतात ते यामुळेही.

डिपिंग ऑइल या आकड्यांना हातसुद्धा लावत नाही. ते सालीवरच्या मेणातून पाण्याला वाट करून देतं, बस्स. न बुडवलेला माल त्याच शेडमध्ये दुप्पट-तिप्पट दिवस घेतो, पण सुकतोच. दिशा आणि वेग या दोन वेगळ्या बाबी आहेत, हे फळ्यावर सांगून पटत नाही. दोन ट्रे शेजारी ठेवले की पटतं. कोल्ड स्टोरेजमध्ये बेदाणा हळूहळू काळवंडतो तेही याच हिशोबात बसतं: थंडीने क्रिया मंदावते, दिशा तीच राहते.

अवकाळी आली की मात्र दिशाच फिरते. 25 अंश आणि 85 टक्के आर्द्रतेत तयार बेदाण्याचा आकडा अधिक एक किलोज्यूल होतो आणि तो हवेतलं पाणी ओढायला लागतो. पडदे पाडून ओला आणि तयार माल एकत्र कोंडला तर ओल्याचं पाणी तयार मालात जाणार. म्हणून तयार रॅक आधी वेगळे काढावेत. बंद शेड सात अंशांनी तापवली, तर तीच हवा 57 टक्क्यांवर येते आणि माल निदान ओल धरत नाही.

पुढच्या हंगामासाठी एक विनंती. आर्द्रता मोजणारा हायग्रोमीटर दाराशी टांगलेला आहे, तो मधल्या रॅकमध्ये, मालाच्या उंचीवर टांगावा. दाराशी बाहेरची हवा मोजली जाते. काकूंनाही नमस्कार सांगा. पोरांना दिलेल्या ताकाबद्दल त्यांचे वेगळे आभार.

आपले,
रसायनशास्त्राचे शिक्षक, सांगली