मिनीचा काटा जागेवर आणणाऱ्यांचे आभार

बर्मिंगहॅमबाहेर रस्त्याकडेला आमची जुनी मिनी कार बॉनेट उघडून उभी होती. ती पाहून जे थांबले, त्या सगळ्यांचे मनापासून आभार.

तापमानाचा काटा पार लाल टोकाला टेकलेला. एका गॅरेजने तर हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या भागाचं सील) गेलंय, इंजिन उघडावं लागेल, असं आधीच सांगून टाकलं होतं. व्हॅनमधून उतरलेल्या ताईंनी इन्फ्रारेड थर्मामीटर थर्मोस्टॅटच्या (इंजिनाचं पाणी तापलं की उघडणाऱ्या झडपेच्या) हाउसिंगवर धरला: ८४ अंश. थर्मोस्टॅट मुळी उघडतोच ८२ अंशांना, म्हणजे इंजिन ठणठणीत! मग सोबतच्या आजोबांनी विचारलं, "पेट्रोलचा काटा काय म्हणतो?" तोही फुल, आणि टाकी जेमतेम निम्मी. किती नेमका प्रश्न! दोन्ही काट्यांना वीज एकाच व्होल्टेज स्टॅबिलायझरमधून मिळते. बॅटरीचा पुरवठा सतत चालू-बंद करत त्याने १२ व्होल्टचे सरासरी १० करायचे असतात. त्याचं अर्थिंग सुटलं की पूर्ण १२ व्होल्ट पुढे जातात आणि दोन्ही काटे एकदम चढतात.

आजोबांनी स्टॅबिलायझरच्या आउटपुटला टेस्ट लॅम्प लावला. तो लुकलुकायला हवा, पण एकसारखा पेटलेला. त्यांनी मीटरमागचा, स्टॅबिलायझरला अर्थिंग देणारा स्क्रू काढला, त्याखालचा गंज सँडपेपरने पत्रा चकाकेपर्यंत घासला आणि स्क्रू परत आवळला. दिवा लुकलुकू लागला, काटे हळूहळू खाली आले.

आजोबा, ताई, तुम्ही एक पैसाही घेतला नाहीत. तुमचे उपकार विसरणार नाही. पावसात टॉर्च धरून उभ्या राहिलेल्या मुलाला खूप खूप धन्यवाद. आणि आमचं बोलणं ऐकून "मराठी का?" म्हणत चहाचा थर्मास पुढे करणाऱ्या जोडप्यालाही.