मोदकाचे फोटो

प्रिय बायो,

तू पाठवलेले फोटो बघितले, रागावू नकोस पण ते मोदक कमी आणि लसणीचे गड्डे जास्त दिसतायत. मोदकात काही खोट नाही, मी खाल्लेत ना, सगळी खोट त्या ओट्यावरच्या ट्यूबलाइटची आणि तुझ्या फ्लॅशची. समोरून भगभगीत उजेड आला की सावलीच पडत नाही, मग एवढ्या मेहनतीने पाडलेल्या कळ्या दिसणार कशा?

गणपतीच्या ऑर्डरींसाठी नवीन फोनबिन काही घेऊ नकोस. हॉलच्या खिडकीपाशी स्टूल ठेव, थेट ऊन येत असेल तर पांढरी ओढणी लाव नाहीतर बटर पेपर चिकटव, आणि घरातले दिवे सगळे बंद, अगदी देवघरातला बल्बसुद्धा, कारण पिवळा आणि खिडकीचा निळसर उजेड एकत्र आला की मोदक एका बाजूने कावीळ झाल्यासारखा दिसतो. उजेड डावीकडून, जरासा मागून येऊ दे. उजवीकडे थर्माकोल उभा कर, सावली फार काळी वाटली की जवळ सरकव. माझा टीव्हीच्या खोक्यातला आहे, नवरा दर दिवाळीला भंगारात काढतो आणि मी दरवेळी परत आणते.

स्क्रीनवर दिसणाऱ्या मोदकावर बोट दाबून धर, फोकस लॉक होईल, मग ते सूर्याचं चिन्ह थोडं वर सरकव. पांढरंशुभ्र काही दिसलं की फोन ते करडं करून टाकतो, तुझे मोदक मळकट आले ते त्यामुळेच. मिसळीला उलटं, खाली सरकव, मग तर्री कशी लालभडक येते बघ.

आणि फोन नाकाला लावू नकोस गं! लांबून २ एक्स झूमवर काढ, जवळून पुढचा मोदक भोपळ्याएवढा होतो. स्टीलचं ताट नको, मागच्या फोटोत त्यात तुझा गाऊन दिसत होता, केळीचं पान घे. हे सगळं आधी पानावर लिंबू ठेवून जमव आणि मोदक अगदी शेवटी आण, पारी सुकली की तडे जातात. तूपही तेव्हाच, पण मग तोच हात लेन्सला लागतो, तेव्हा फोटो काढायच्या आधी लेन्स पदराने पूस.

एक मोदक फोडून ठेव, सारण दिसायला हवं. रविवारी मी येतेच आहे, फोडलेला माझा, आत्ताच सांगून ठेवते.

तुझीच,
मी