सोळा पॉइंट आणि अर्धा मूस

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीत अमेरिकेतल्या वायोमिंग राज्याच्या नव्वद-दहाच्या नियमाचं (मूस या धिप्पाड हरणकुळातल्या जनावरासारख्या शिकारीचे ९० टक्के परवाने रहिवाशांना, बाहेरच्यांना १०) कौतुक करणारा लेख वाचला. रात्रीच पत्र लिहायला बसलो होतो. बायको म्हणाली, सकाळी लिहा, तोवर डोकं थंड होईल. सकाळ झाली, दोन कप चहा झाला, डोकं आहे तिथंच आहे.

लेखकमहाशयांचा अभ्यास आहे, हे आधी मान्य करतो. १९७८ चा बाल्डविन खटला त्यांनी बरोबर मांडलाय. मोंटानात रहिवाशाला एल्क या मोठ्या हरणाचं लायसन्स ९ डॉलरला, बाहेरच्याला मात्र २२५ डॉलरचं अख्खं कॉम्बिनेशन, म्हणजे अनेक जनावरांचं एकत्र लायसन्स, घेणं भाग. आणि सुप्रीम कोर्ट म्हणालं की एल्क मारणं ही हौस आहे, पोटापाण्याचा प्रश्न नाही, तेव्हा राज्याने दुजाभाव केला तरी चालेल. पुढे २००५ मध्ये अमेरिकन काँग्रेसने कायदा करून राज्यांच्या या अधिकारावर शिक्काच मारला, तेही खरं. कायदा वायोमिंगच्या बाजूने आहे हे मला कुणी नव्याने सांगायला नको. पण बाहेरून येणारा शिकारी म्हणजे भिंतीवर शिंगं टांगायला विमानातून उतरणारा धनदांडगा, असं जे त्यांनी बिनदिक्कत लिहून टाकलंय, ते मला झोंबलं.

तर हा धनदांडगा, म्हणजे मी, शेजारच्या कोलोरॅडो राज्यात फोर्ट कॉलिन्सला राहतो. गाडी २००९ ची टोयोटा, मागची फळी दोरीने बांधलेली. वायोमिंगची हद्द माझ्या दारापासून साधारण तीस मैल, म्हणजे कोल्हापूरहून निपाणी जेवढी, त्याहून किंचित जास्त. (निपाणीही हद्दीपलीकडेच, पण तो विषय इथे नको.) शिकारीचं लायसन्स मिळावं म्हणून मी पस्तिशी उलटल्यावर हंटर एज्युकेशनच्या वर्गात बसलो. कोलोरॅडोत १ जानेवारी १९४९ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला तो करावा लागतो. वर्गात मी, आणि बाकी सगळी दहा-अकरा वर्षांची पोरं. कुंपण ओलांडताना बंदूक आधी रिकामी करायची, हे मला एका दात पडलेल्या मुलीने दोनदा समजावून सांगितलं. विमानातून उतरणाऱ्यांचं असं काही होत असेल असं वाटत नाही.

आता मूसचं. २००७ पासून मी वायोमिंगच्या मूससाठी दरवर्षी पॉइंट घेत आलो. पॉइंट म्हणजे सोडतीत आपला नंबर पुढे सरकावा म्हणून दरवर्षी विकत घ्यायचा गुण, ते तुमच्या लेखात आलंच आहे, पण लेखकांनी ते लॉटरीसारखं रंगवलंय. लॉटरी नव्हे हो, भिशी! दरवर्षी हप्ता भरायचा, नंबर लागत नाही तोवर भरत राहायचं. सर्वांत जास्त पॉइंटवाल्यांना पाऊण हिस्सा टॅग (एक जनावर मारायचा परवाना), उरलेले चिठ्ठ्या टाकून. माझा हप्ता वाढत वाढत दीडशे डॉलरवर गेला. २०२२ पर्यंत सोळा पॉइंट झाले. बायकोने वहीत लिहून ठेवलंय, एकूण दीड हजार डॉलरच्या वर गेले, आणि घरात मूसचा केसही आला नाही.

आणि २०२२ च्या मार्चमध्ये त्यांच्या गव्हर्नरांनी सही केली. मूसमधला बाहेरच्यांचा वाटा २० टक्क्यांवरून १० वर. पुढच्या वर्षीच्या सोडतीपासून लागू. टॅग लागलाच तर त्याची फी पावणेतीन हजार डॉलर. ज्या विभागात पाचच टॅग निघतात, तिथे दहा टक्के म्हणजे अर्धा मूस. पुढचा अर्धा की मागचा, ते लेखकांनी सांगावं.

भिशीत सोळा हप्ते भरून झाल्यावर चालकाने म्हणावं की उद्यापासून नंबर निम्म्याच लोकांचे लागणार, हप्ता मात्र भरत राहा. आमच्या गल्लीत अशा चालकाच्या घरासमोर बायका जाऊन बसल्या असत्या. राज्याला रहिवाशांना झुकतं माप द्यायचंय, जरूर द्यावं. पण मग नवा नियम नव्या लोकांना लावा. आधीच्यांचे पैसे तरी परत करा. तुमच्या लेखात या पैशांबद्दल अवाक्षर नाही. पश्चिमेकडच्या या राज्यांच्या वन्यजीव खात्यांचा गल्ला बाहेरच्यांच्या फीवर भरतो, ही तिथे पोरासोरांनाही ठाऊक असलेली गोष्ट आहे. शिवाय १९३७ च्या कायद्यानुसार बंदुका-काडतुसांवरच्या १०-११ टक्के केंद्रीय करातून सगळ्या राज्यांना पैसा जातो. काडतूस मी कोलोरॅडोत घेतो म्हणून तो कर काही रहिवासी-अनिवासी बघत नाही.

बरं, वायोमिंगच्या दक्षिणेतल्या स्नोई रेंज या डोंगररांगेतले हे मूस तरी कुठले? १९७८-७९ मध्ये कोलोरॅडोच्या वन्यजीव खात्याने यूटा आणि वायोमिंगमधून बारा-बारा मूस आणून नॉर्थ पार्कमध्ये सोडले. त्यांची पिलावळ वाढली आणि चरत चरत उत्तरेला हद्द ओलांडून स्नोई रेंजमध्ये जाऊन राहिली. म्हणजे जनावर कोलोरॅडोहून गेलं तर ते वायोमिंगचा भूमिपुत्र, मी गेलो तर उपरा.

एक प्रसंग सांगतो. माझा एक वायोमिंगमधल्या लॅरमीचा मित्र आहे, प्लंबर आहे, त्याला काही वर्षांपूर्वी मूसचा टॅग लागला. ऑक्टोबरचा पहिला आठवडा, रात्री बर्फ भुरभुरलेलं. मी नुसता हमाल म्हणून गेलो होतो. सकाळी साडेसातला विलोच्या झुडपांत त्याने गोळी झाडली, मूस चार पावलं चालला आणि नाल्याच्या काठावर बसला. बसला ते नेमका चिखलात. तिथून सगळं मांस गाडीपर्यंत आणायला आम्हाला पाच खेपा लागल्या. मागचा एक फरा पाठीवर घेतला की गुडघ्यातून आवाज येतो, आणि रक्त पिशवीतून झिरपून शर्टाला लागतं ते आधी कोमट असतं, मग बर्फासारखं गार. चौथ्या खेपेला आम्ही दोघंही बोलायचं बंद केलं होतं. पाचव्या खेपेनंतर गाडीच्या फळीवर बसून बायकोने दिलेल्या चटणी-भाकरीचा डबा दोघांनी मिळून संपवला. मला निम्मं मांस दिलं त्याने. त्याचा खिमा आमच्याकडे पुढच्या गुढीपाडव्यापर्यंत पुरला. शिंगं त्याने शेडमध्ये सायकलच्या मागे टाकलीत. भिंतीवर नाहीत.

त्या दिवशी तो म्हणाला होता, तुझा नंबर लागला की मी तुझा गाइड. हे 'गाइड' काय प्रकरण आहे, ते तुमच्या लेखकांनी चलाखीने गाळलंय. वायोमिंगमध्ये केंद्राच्या वाइल्डरनेसमध्ये, म्हणजे राखीव रानात, परराज्यातल्या माणसाला मोठी शिकार करायची तर बरोबर परवानाधारक गाइड पाहिजे, नाहीतर वर्षाचा परवाना काढलेला कुणी रहिवासी मित्र. ही जमीन वायोमिंगची नव्हे, देशाची आहे. १५ एप्रिलला मीही त्यासाठी टॅक्स भरतो. तिथे मी एकटा तंबू ठोकू शकतो, मासे धरू शकतो, अस्वल भेटलं तर भेटू शकतो. सशामागे बंदूक घेऊन हिंडलो तरी कुणी विचारत नाही. मूस दिसला की मात्र माझी वाट चुकणार, अशी त्यांच्या विधिमंडळाला खात्री आहे! प्लॅट रिव्हर वाइल्डरनेसचा तर एक छोटा तुकडा कोलोरॅडोत येतो. तेवढ्या तुकड्यात मी शहाणा, रेघ ओलांडली की बावळट. न्यू मेक्सिको निदान प्रामाणिक तरी आहे: ८४ टक्के टॅग रहिवाशांना, १० टक्के आउटफिटर (शिकारीची सोय करून देणारा धंदेवाला) लावून येणाऱ्यांना, आणि ६ टक्के आमच्यासारख्या बाकीच्या भणंगांना. गाइडवाल्यांचा धंदा चालावा म्हणून हे चाललंय, हे आकड्यांतच दिसतं. याला भूमिपुत्रांचा हक्क म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

आता कुणी म्हणेल, तुमचं कोलोरॅडो कुठे धुतल्या तांदळाचं आहे? नाहीच. २०२५ पासून आम्ही परराज्यातल्या धनुर्धाऱ्यांना काउंटरवरून मिळणारं एल्कचं लायसन्स बंद करून सोडतीच्या रांगेत उभं केलं, तेव्हा मी घरात टाळ्या वाजवल्या होत्या. सप्टेंबरात ट्रेलच्या तोंडाशी टेक्ससच्या नंबरप्लेटची रांग बघितली की माझ्यातलाही भूमिपुत्र जागा होतो. मुलगा म्हणाला, बाबा, मग वायोमिंगवाल्यांनी तुम्हाला तेच केलं की. त्याला म्हटलं, आम्ही कुणाचे सोळा वर्षांचे हप्ते बुडवले नाहीत. तो हसून निघून गेला. त्याचं हसणं मला पटलेलं नाही, हे इथे नमूद करतो.

लेखाच्या शेवटी महाराष्ट्राने यापासून धडा घ्यावा असं आहे. कसला धडा? आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली शिकार बंद आहे, आणि ती बंद आहे तेच बरं. त्याआधी कुणाला काय मिळत होतं ते मला विचारा. दाजीपूरचं जंगल कोल्हापूर संस्थानचं शिकारीचं रान. माझे आजोबा त्या भागातले, अस्सल निवासी. त्यांना जंगलात प्रवेश होता तो हाका घालायला. डबे बडवत गवा माचाणाकडे हाकलायचा, तो उलटला तर आपलं आपण बघायचं. संध्याकाळी प्रत्येकाला थोडे पैसे आणि कधी मांसाचा वाटा. गवा मारला महाराजांच्या पाहुण्यांनी, म्हणजे बाहेरच्यांनीच. म्हणून इथे अमेरिकेत जनावर सरकारदरबारी जनतेच्या मालकीचं आणि प्लंबरला चिठ्ठीत मूस लागतो, हे बघून मला पहिल्या वर्षी भरून आलं होतं. त्या चिठ्ठीवरचा विश्वास उडतोय म्हणून तर एवढं लिहितोय. लेखकांनी निवासी-अनिवासी हे शब्द जरा जपून वापरावेत.

जाता जाता आणखी एक. लेखासोबतचा फोटो मूसचा नाही, एल्कचा आहे. खाली ओळ छापलीय 'मूस (सांबर)'. मूस म्हणजे सांबर नव्हे, आणि फोटोतलं जनावर दोन्हीही नाही. मूसची शिंगं तळव्यासारखी पसरट असतात, गळ्याखाली लोंबती कातडी असते. चौथीतल्या पोराला कळेल. पूर्वी तुमच्याकडे मुद्रितशोधक असायचे.

आणि फोटोवरून आठवलं. तुमच्या ई-पेपरची परदेशातल्या वाचकांसाठीची वर्गणी भारतातल्या वर्गणीच्या कितीतरी पट आहे. मी ती अकरा वर्षं भरतोय. मराठी वाचणं ही हौस आहे, पोटापाण्याचा प्रश्न नाही, तेव्हा कोर्ट तुमच्याच बाजूने निकाल देईल, याची मला कल्पना आहे. पण गेले दोन महिने शनिवारचा अंक चौथ्या पानापुढे उघडत नाही. तीनदा मेल केली, उत्तर नाही. तेवढं बघावं.

आपला,
एक जुना वाचक
फोर्ट कॉलिन्स, कोलोरॅडो